शालूआत्याचा बादलीचा खेळ

शालूआत्या, तुझ्या तेराव्याला आलेल्या लोकांनी तुझ्याबद्दल जे जे सांगितलं, ते ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. तू म्हणे फार सोशिक होतीस. तू म्हणे कधी कुणाला उलट बोलली नाहीस. बाबा हे ऐकत गंभीरपणे मान डोलावत होते. त्यांना म्हणजे तुझ्या सख्ख्या थोरल्या भावाला तू परवापरवापर्यंत भर चारचौघांत 'दादा, तुला यातलं काही कळत नाही, तू गप्प बस' असं सांगत होतीस. मी कोपऱ्यात केळीची पानं पुसत उभा होतो, मलाही हसू आलं. त्यानंतर त्या दुपारी जे झालं, त्याची मात्र मला इतकी लाज वाटते आहे की पुण्याला परत आल्यापासून धड जेवण जात नाही. बाकी सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. राहिलीस फक्त तू.

पण आधी खेळाबद्दल बोलू. तुझं-माझं बोलणं तिथूनच सुरू व्हायचं.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना मला चांगला आठवतो. मी आठवीतून नववीत गेलो होतो. तेव्हा सगळ्या पोरांकडे असायचा तसा विटांचा पिवळा चिनी गेम माझ्याकडेही होता. त्यावर हजारो खेळ असल्याचं छापलेलं असे, आणि बघावं तर जिकडेतिकडे वरून पडणाऱ्या विटाच. तू तो हातात घेतलास, दोन मिनिटं खेळलीस आणि परत दिलास. "हे गवंडीकाम झालं रे निख्या," म्हणालीस. "थांब, तुला खेळ दाखवत्ये." आणि कपाटातून, लवंग-वेलदोड्यांच्या डब्यामागून, तुझा तो पांढरा घडीचा गेम काढलास.

तो उघडला की वर एक खिडकी, खाली एक खिडकी. वरच्या खिडकीत एक नळ गळतो, त्यातून तेलाचे थेंब पडतात, आणि एक माणूस बादली घेऊन त्यांच्याखाली धावत असतो. बादली भरली की ती बाहेर ओतायची, खालच्या खिडकीतल्या दुसऱ्या माणसाच्या पिंपात. तो माणूस एका जागी उभा राहील तर शपथ. नेम चुकला की तेल थेट खाली पेट्रोलपंपावर उभ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर. "आपल्या माजघरात दर पावसाळ्यात चालतं ते हेच," तू म्हणालीस, "फक्त यात कौलं नाहीत आणि मी पगारी नोकर नाही." पहिल्या डावात मी सगळ्या गिऱ्हाइकांना तेलाने न्हाऊ घातलं. तू इतकी हसलीस की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय सांडलं म्हणून.

काकांनी तो जपानहून आणला तेव्हा मी जन्मलो नव्हतो. ते बोटीवर इंजिनात होते आणि तू त्यांना मोत्यांची माळ सांगितली होतीस. माळेऐवजी हा गेम बघून तू त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाहीस, आणि त्याच आठवड्यात तुला त्याचं वेड लागलं, अशी घरातली दंतकथा. तू त्यावर नेहमी एवढंच म्हणायचीस, की माळ असती तर पेटीत पडली असती. काका गेले त्यानंतर मी एकदा ती दंतकथा मुद्दाम काढली होती. तू म्हणालीस, "त्यांना मोती कळत नव्हते रे, यंत्रं कळायची. जे कळतं ते आणलंनी." मग बराच वेळ तू थेंब झेलत बसलीस आणि एकही खाली पडला नाही.

तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या गेमला मोठा मान होता. तू आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या कुंदाताई, दोघी मिळून अख्ख्या जिल्ह्याचे ट्रंक कॉल जोडत होतात, आणि लाइनी थंड असल्या की आळीपाळीने बादली धरत होतात. गुण नऊशे नव्व्याण्णव झाले की पुढे पुन्हा शून्य येतं. ते शून्य आधी कुणी आणलं, यावर तुमचं भांडण तुम्ही दोघी निवृत्त झालात तरी मिटलं नव्हतं. गेममध्ये घड्याळ होतं, गजरही होता. तुम्ही तो चारला लावून ठेवला होतात, चहासाठी. टिटी टिटी वाजलं की म्हणे साहेबसुद्धा केबिनमधून कप घेऊन यायचे.

असा हातोहाती फिरणारा गेम एक दिवस भलत्याच कुणाच्या पिशवीतून घरी गेला आणि दोन दिवसांनी परत आला. मग तू आपल्याकडची कुठलीही बाई करील ते केलंस. राम आळीतल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन, पातेल्यावर घालतात तसं त्या गेमच्या झाकणावरच्या धातूच्या पट्टीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून आणलंस. 'सौ. शालिनी, झाडगाव.' कार्याला गेलेलं भांडं नाव असलं तर परत येतं, हा तुझा साधा हिशेब. काका गेल्यावर शेजारच्या कुणीतरी त्या 'सौ.'कडे बोट दाखवलं, तर तू म्हणालीस, "कोरलेलं आहे ते, कुंकू नव्हे पुसायला."

बारावीत माझे मार्क पडले तेव्हाची संध्याकाळ मी कुणाला सांगितलेली नाही. घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मी तुझ्याकडे येऊन पडवीच्या पायरीवर बसलो. तू गेम उघडून माझ्या हातात दिलास आणि शेजारी बसून सुपारी कातरत राहिलीस. मी खेळलो, हरलो, खेळलो. दिवेलागणीला तू म्हणालीस, "थेंबाकडे बघू नकोस, बादली कुठाय ते बघ." ते तू खेळाबद्दलच म्हणालीस, मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी मी उठून डिप्लोमाचा अर्ज आणला. तुझे आभार मानायचे राहिले. तू मानू दिले नसतेस म्हणा, काहीतरी टोमणा मारला असतास.

मग मी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागलो आणि शहाणा झालो. इंटरनेटवर जुन्या गेमांचे शौकीन भेटले. त्यांच्याकडून कळलं की तुझा बादलीचा गेम म्हणजे इतिहास आहे. जपानच्या आगगाडीत कुणी कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसला होता, तो बघून एका इंजिनिअरला म्हणे कल्पना सुचली, की ह्याच पडद्यावर आकड्यांऐवजी माणसं हलली तर? म्हणून त्या गेममध्ये चित्रं सरकत नाहीत. बादलीवाल्याच्या सगळ्या जागा काचेत आधीपासून असतात, एक मावळते नि दुसरी उमटते. ऐंशीच्या दशकात असे कितीतरी निघाले, नव्वदीत पुढचे गेम आले आणि हे बंद पडले. आता जगभर लोक ते शोधत असतात. पडद्यावरचा पापुद्रा काळवंडलेला नको, सेलचं झाकण मूळचं हवं, खोका हवा, कागद हवेत, आणि ओरखडा म्हणाल तर एकही नको.

गेल्या दिवाळीत मी हे सगळं तुला पडवीत बसून समजावलं. तू मन लावून ऐकलंस. आगगाडीतल्या माणसाची गोष्ट तुला फार आवडली, ती तू मला दोनदा सांगायला लावलीस. मग मी किमतीवर आलो.

"एवढे कोण देतो?" तू विचारलंस. "खुळा आहे का तो?"

"संग्राहक असतात, आत्या. मुंबईला एक आहेत, माझ्या ओळखीचे."

"त्यांना म्हणावं, इथे या आणि खेळून जा. फुकट. वर पोहे घालत्ये."

"ते खेळत नाहीत. डबीत ठेवतात."

"मग घेतात कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे लांबलचक उत्तर होतं. वस्तू हाताळली की झिजते, कोकणातल्या हवेत तर लोखंडाचाही भुगा होतो, उद्या एकही शिल्लक राहिला नाही तर असं काही होतं हे लोकांना कळणार कसं, वगैरे. तू सेलच्या झाकणाला चिकटपट्टी लावली होतीस आणि मूळच्या खोक्यात बटणं ठेवत होतीस. मी ते तुला अपराध दाखवावा तसं दाखवलं. तू म्हणालीस, "काकांनी आणलंनी ते मला, म्यूझियमला नाही." मी चिडलो. खोटं कशाला सांगू, त्या भांडणात माझंही थोडं खरं होतं असं मला अजून वाटतं. तू असतीस तर आणखी दोन दिवाळ्या आपण त्यावर भांडलो असतो.

शेवटी तूच गेम माझ्या हातात ठेवलास. "पडदा फिका झालाय खरा. साफ करून आण. पण आण हो परत." मी हो म्हणालो. त्या वेळी ते खरंच होतं, आत्या. पडदा मी साफ केला, पापुद्रा बदलला, बादलीवाला पुन्हा काळाकुळकुळीत दिसायला लागला. मग मुंबईच्या त्या गृहस्थांना फोटो पाठवले. ते म्हणाले, वस्तू उत्तम आहे, पण नावाने घात केला. असाच एक मोडका गेम त्यांच्याकडे होता, त्याची झाकणावरची पट्टी कोरी होती. ती त्यांनी मला पाठवून दिली. एका रविवारी मी केस वाळवायच्या यंत्राने तुझी पट्टी गरम केली, कडेला पातं घातलं आणि ती उचकटली. कोरी पट्टी अगदी चपखल बसली. मी किती खूश झालो होतो ते सांगायला नको.

तू फोनवर विचारायचीस, "बरा झाला का रे तो?" हॉस्पिटलात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसं. मी सांगायचो, चाललंय काम. बाबा नंतर म्हणाले की दुपारी तू पडवीत नुसती बसायचीस, अंगठे एकमेकांवर फिरवत. मला वाटत होतं, विकला की त्या पैशांत तुला काहीतरी मोठं घेऊन द्यावं, नवा टीव्ही वगैरे. तुला टीव्ही आवडत नव्हता हे मला माहीत होतं. मग एका सकाळी बाबांचा फोन आला, आणि तू झोपेतच गेली होतीस.

तेराव्याला येताना गेम माझ्या बॅगेत होता. का, तर तेरावं झालं की तसाच मुंबईला जाऊन तो दाखवायचा होता. आमचं ठरलंच होतं. तुझ्या जाण्याने ते रद्द करावं असं माझ्या मनातही आलं नाही. बसमध्ये मी त्यात नवे सेल घातले, वेळ लावली, आणि हाताच्या सवयीने गजर चारला लावला.

जेवणं उरकायला उशीर झाला. गुरुजी गेले, लांबचे लोक गेले, आपली आपली माणसं पडवीत बसली. कुंदाताई मारुती मंदिरावरून रिक्षा करून आल्या होत्या. गुडघे धरलेत त्यांचे, पण जेवण झाल्यावरही त्या हलल्या नाहीत. बाबा म्हणाले, "गुरुजींनी सांगितलं तसं छत्री दिली, जोडे दिले, तांब्या दिला. ते झालं शास्त्राचं. पण शालू म्हणजे काही छत्री नव्हे. तिच्या जिवाची एकच वस्तू होती. तो बादलीचा खेळ आपण कुंदाताईंना देऊ."

सगळ्यांना ते एकदम पटलं. कुंदाताई "मला कशाला हो, माझं काय वय आहे" म्हणाल्या, पण त्यांचा हात चष्म्याच्या घराकडे गेला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गेम माझ्याकडे दिलाय, हे तू सगळ्या झाडगावाला सांगून ठेवलं होतंस.

मी म्हणालो, "तो पुण्यात आहे, बाबा. दुरुस्तीला दिलाय."

इतकं सहज तोंडातून गेलं, की मलाच ते क्षणभर खरं वाटलं. कुंदाताईंनी चष्म्याचं घर परत पिशवीत ठेवलं. "असू दे हो," म्हणाल्या. कुणीतरी विषय बदलला, आंब्याच्या मोहोरावर गेलं बोलणं. आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीतून, माझ्या बॅगेतून, टिटी टिटी टिटी टिटी सुरू झालं.

तो आवाज त्या पडवीत कुणाला अनोळखी होता, सांग. तू निवृत्त झाल्यापासून वीसेक वर्षं तुझ्या घरात दुपारी तो वाजत होता. बाबांनी मान खाली घातली. आई उठायला लागली आणि पुन्हा बसली. तो गजर लवकर थांबतही नाही. मग कुंदाताई म्हणाल्या, जणू काही घड्याळाचेच ठोके पडले असावेत, "चार वाजले. चहा टाका कुणीतरी."

त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि तेच मला सोसवलं नाही. मी आत गेलो, कपडे उपसले, गेम काढला, हवाबंद पिशवीतून आणि मऊ फडक्यातून सोडवला आणि आणून त्यांच्या हातात ठेवला. वाटलं, दिला, सुटलो. खोटं उघडं पडलं तर पडलं, वस्तू जिथे जायची तिथे गेली.

कुंदाताईंनी चष्मा लावला. गेम उघडला नाही. बंद झाकणावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, मग उजेडाकडे धरून बघितलं.

"नाव कुठाय?"

मी हातातल्या मऊ फडक्याची घडी घालायला लागलो.

"शालूने नाव घातलंन् होतं यावर. मी होत्ये बरोबर, राम आळीत. त्या कोरणाऱ्याला तिने झाडगावचा 'झ' दोनदा नीट काढायला लावलंन्." त्यांनी गेम माझ्यापुढे धरला. "हा तिचा नव्हे."

"तोच आहे, कुंदाताई. फक्त वरची पट्टी बदलली आहे."

"कशाला?"

नवा दिसावा म्हणून, असं मी म्हणालो. पडवीत बसलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. ही माणसं आंब्याची पेटी भरताना वर कुठलं फळ ठेवायचं ते जाणतात, त्यांना काय समजावून सांगायचं?

"आणि जुनी पट्टी?" कुंदाताईंनी विचारलं.

"पुण्याला."

बाबा पहिल्यांदा वर बघून बोलले. "म्हणजे पुण्यात आहे म्हणालास, ते खरंच होतं म्हणायचं." कुणी हसलं नाही. कुंदाताईंनी गेम माझ्या हातात परत दिला, चहा पूर्ण प्यायल्या, बशी खाली ठेवली. निघताना म्हणाल्या, "शालूचा असेल तो आणून दे. हा लोकाचा मी नाही घेत्ये." रिक्षापर्यंत मी त्यांना हात दिला. तो त्यांनी धरला, गुडघे दुखत होते म्हणून धरला.

मुंबईला गेलो नाही. त्या गृहस्थांना कळवून टाकलं. पुण्याला येऊन टेबलाच्या खणातून तुझी पट्टी शोधून काढली. रविवारी खुशीत उचकटताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, की पातं घातलं तिथे ती वाकली आहे. 'शालि' आणि 'नी' यांच्या मधोमध घडी पडली आहे. जाड पुस्तकांखाली दाबून पाहिली, लाटण्याने लाटली. घडी थोडी सपाट झाली, गेली मात्र नाही, आणि दोन ठिपके पुसट झाले. कोरी पट्टी काढून तुझी बसवली आहे. एक कोपरा वर राहतो. अंगठा फिरवला की लागतो.

शनिवारी रत्नागिरीला येतो आहे, तो कुंदाताईंच्या हातात द्यायला. त्या पुन्हा अंगठा फिरवणार, आणि विचारणार की हे कसं वाकलं. काल भांडी घासता घासता मनात येऊन गेलं, सांगून टाकावं की आत्याच्याच हातून पडला होता मागे कधीतरी. त्यांना खरं वाटलं असतं. तू तर काही बोलायला येणार नव्हतीस. एवढं सगळं होऊनही मला हे सुचलं, आत्या, हे तुला सांगतो आहे.